तिसऱ्या घंटेआधी एक कागद

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या हौशी ग्रुपची एकांकिका स्पर्धेत होती आणि लाइट ऑपरेट करणारा मी ऑफिसातून निघून लोकलमध्ये अडकलो होतो. रुळांवर पाणी, गाडी जागची हलेना. लॅपटॉप नशिबाने सकाळीच सेटच्या टेम्पोतून गेला होता. प्रॉपर्टी सांभाळणारी आमची मुलगी लाइटला बसली. तिचा फोन आला, "दादा, कुठलं बटण कशाचं?"

मी सांगायला लागलो. के म्हणजे स्वयंपाकघर, एल म्हणजे रात्र, जे म्हणजे... आणि रेंज गेली.

जे म्हणजे ब्लॅकआउट. आईचं स्वगत रंगात आलेलं असताना स्टेजवर मिट्ट काळोख झाला. आमच्या ताई थांबल्या नाहीत, अंधारातच बोलत राहिल्या. पण ती पोरगी नंतर कितीतरी वेळ रडत होती. चूक तिची नव्हतीच. सगळी बटणं माझ्या डोक्यात होती आणि डोकं लोकलमध्ये.

त्या रात्री कांजूरला घरी पोचल्यावर सगळं पुसून नव्याने मांडलं. आम्ही क्यूएलसी प्लस वापरतो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. लॅपटॉपला यूएसबीची छोटी डबी, तिथून डीएमएक्सची केबल डिमरला. डीएमएक्स-५१२ हे मानक १९८६ सालचं. एका लाइनवर ५१२ चॅनल, प्रत्येकाची पातळी ० ते २५५. हे आकडे प्रयोगात कोण लक्षात ठेवणार? म्हणून सीन आधी साठवायचे, व्हर्च्युअल कन्सोलवर बटणं काढायची आणि त्यांना कीबोर्डच्या कळा जोडायच्या.

काय बदललं ते सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल.

१) अख्खं नाटक एका क्यू-लिस्टमध्ये क्रमाने. पुढच्या क्यूला स्पेस, मागे यायला डावा बाण. नव्या माणसाने संहितेतला क्यू नंबर बघायचा आणि स्पेस दाबायची, बस्स.

२) ब्लॅकआउटची कळ स्पेसपासून लांब, कोपऱ्यात. चुकून हात जाताच कामा नये.

३) विजेच्या चमकेला 'फ्लॅश'. दाबलं तेवढाच वेळ लागतो, सोडलं की विझतो. 'टॉगल' ठेवलं तर दुसऱ्यांदा दाबेपर्यंत वीज आभाळात लटकलेलीच!

४) कळांवर मराठीत चिकटपट्ट्या, आणि सगळ्या कळांचा एक कागद संहितेला टाचलेला.

तालमीत आणखी एक गंमत झाली. मधेच एक वाक्य मराठीत टाइप केलं आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला. स्पेस चालत होती, अक्षरांची बटणं मात्र मेली. आता कागदाची पहिली ओळ हीच: "कीबोर्ड इंग्रजीवर आहे का? ऑपरेट मोड चालू आहे का?" कारण डिझाइन मोडमध्ये या कळा चालत नाहीत.

पुढचा प्रयोग त्याच मुलीने केला. मी मुद्दाम प्रेक्षकांत बसलो. एकही क्यू चुकला नाही. खरं सांगू, थोडं वाईटही वाटलं. आपल्यावाचून अडत नाही हे कळलं की वाटतंच.

ही पोस्ट माझ्या लॅपटॉपपुरती नाही, म्हणून लिहितोय. मध्यंतरी एका सार्वजनिक नाट्यगृहात (नाव घेत नाही) कुठला दिवा कुठल्या चॅनलवर आहे, हे फक्त तिथल्या एका काकांना ठाऊक होतं. काका त्या दिवशी रजेवर. स्पर्धेत लाइट लावायला मोजकी मिनिटं मिळतात, त्यातली निम्मी एकेक चॅनल चालू करून दिवा शोधण्यात गेली. काका उद्या निवृत्त झाले की ही माहितीही त्यांच्याबरोबर घरी जाणार.

आम्हा कांजूर-भांडुपच्या पोरांना पालिकेचं जवळचं नाट्यगृह म्हणजे मुलुंडचं कालिदास. तिथेच नाटक बघत मोठे झालो. पालिकेकडे, नगरसेवकांकडे आणि नाट्यसंस्थांकडे मागणी एवढीच: प्रत्येक सार्वजनिक नाट्यगृहाच्या लाइट केबिनमध्ये एक कागद लावा. दिवा, त्याची जागा, डिमर, चॅनल आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख. निविदा नको, उद्घाटन नको. एका झेरॉक्सचा खर्च.

आणि मित्रहो, तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा 'मी' असेलच. त्याला तिसऱ्या घंटेआधी लिहायला बसवा.