रुळांविना लोहमार्ग

आगगाडीचा जन्म इंग्लंडांत झाला हें आपल्याकडील शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु त्याच देशांत तिचे किती मार्ग मृतवत् होऊन पडले आहेत, हें तेथें गेल्याखेरीज ध्यानांत येत नाहीं. १९६३ सालीं तेथील रेल्वेमंडळाचे अध्यक्ष डॉक्टर बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आगगाडीच्या धंद्यांत येणारी तूट भरून काढण्यासाठीं सुमारें ५,००० मैलांचे मार्ग आणि २,००० हून अधिक स्टेशनें बंद करावीं, अशी त्यांत शिफारस होती. व पुढील कांहीं वर्षांत तिच्यापैकीं बरीचशी अंमलांतहि आली. रूळ उखडून भंगारांत गेले, स्टेशनांचीं कोठें राहतीं घरें तर कोठें उपाहारगृहें झालीं, आणि खडीच्या भरावांवर प्रथम गवत व मागाहून झाडें माजलीं.

अशा मोडलेल्या मार्गांवरून पायीं हिंडण्याची एक मालिका बी. बी. सी.नें २००८ सालीं टेलिव्हिजनवर दाखविली होती. ज्यूलिया ब्रॅडबरी नांवाच्या बाई पाठीवर पिशवी टाकून एकेका जुन्या मार्गावरून चालत जातात, वाटेंतील पूल, बोगदे व गांवें दाखवितात आणि त्यांचा इतिहास सांगतात, असें तिचें स्वरूप. तींतील एक भाग डर्बीशायर परगण्यांतील मॉन्सल दरीविषयीं आहे. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां शेफील्ड येथें मुलीकडे राहावयास गेलों असतां तो भाग घरांतील मंडळींसह पाहण्याचा योग आला.

कार्यक्रम सुरेख होता; पण तो संपल्यावर जी चर्चा झाली ती त्याहूनहि उद्बोधक होती. शेजारचे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ चहाला आले होते. त्यांनीं लहानपणीं या मार्गानें प्रवास केला होता. ते म्हणाले, "दरी दाखविली, फुलें दाखविलीं, झालें! पण हा मार्ग बंद कोणी केला, कां केला, त्या वेळीं येथल्या माणसांना काय वाटलें, यावर तिनें अर्धा तास बोलावयास हवें होतें." आमचे जावई सायकलीचे शोकी. त्यांचें मत अगदीं उलट पडलें. मोटारींच्या धुरळ्यावांचून आठ मैलांची सपाट वाट मिळते आहे, तर मेलेल्या गाडीसाठीं अश्रू कशाला ढाळावे, असें त्यांचें म्हणणें. मुलगी म्हणाली, "बाबा, मला तर ती बाई एकटीच एवढी निर्धास्त हिंडते, हेंच पाहून बरें वाटलें." आणि आमच्या सौभाग्यवतीनीं एवढेंच विचारलें, "अहो, गाडी बंद केली ती केली, पण रूळ कशाला उपटले? राहूं दिले असते तर कधीं उपयोगी पडले नसते का?" या साध्या प्रश्नावर कोणालाच चटकन् उत्तर सुचेना. शेवटीं प्रत्यक्षच जाऊन पाहावें असें ठरलें.

पुढच्या रविवारीं आम्ही चौघेंजण बेकवेल या गांवीं बसनें उतरलों. गांव टुमदार आहे. येथील एक विशिष्ट पुडिंग प्रसिद्ध आहे. त्यांत अंडीं असल्याचें कळतांच सौभाग्यवतीनीं त्यास दुरूनच नमस्कार केला आणि घरून आणलेल्या धपाट्यांची पुरचुंडी सोडली. नदी ओलांडून चढण चढलें कीं जुनें स्टेशन लागतें. त्याच्या दगडी भिंतींवर ड्यूक ऑफ रटलंड यांचें कुलचिन्ह कोरलेलें आहे. या ड्यूकसाहेबांचा हॅडन हॉल नांवाचा प्राचीन वाडा जवळच आहे. आपल्या वाड्यासमोरून धूर ओकणारें यंत्र जातांना दिसूं नये म्हणून त्यांच्यासाठीं कंपनीनें हजार यार्डांहून लांब बोगदा बांधून गाडी झांकून नेली. बोगदा डोंगराच्या पोटांतून नव्हे, तर बराचसा वरून खोदून मागाहून बुजविलेला! संपत्तिमान माणसाच्या डोळ्यांचे लाड किती पुरवावे लागतात, याचें हें उत्तम उदाहरण होय.

बेकवेलपासून बक्स्टनच्या अलीकडे ब्लॅकवेल मिल या ठिकाणापर्यंत साडेआठ मैलांची ही वाट. मिडलंड रेल्वे कंपनीनें हा मार्ग १८६३ सालीं खुला केला. पुढें तो मँचेस्टरपर्यंत जाऊन पोंचला, आणि १८६८ सालीं लंडनचें सेंट पँक्रस स्टेशन तयार झाल्यावर तेथून निघालेल्या गाड्या याच दरींतून मँचेस्टरला जाऊं लागल्या. म्हणजे हा कांहीं खेड्यापाड्यांचा किरकोळ फांटा नव्हे, तर राजधानीस जोडणारा हमरस्ता होता. १९६८ सालीं तो बंद झाला. १९८१ सालीं पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं पायवाट म्हणून तो लोकांस मोकळा केला. परंतु बोगदे धोक्याचे म्हणून बंदच होते. ब्रॅडबरीबाई चालल्या तेव्हां त्यांना प्रत्येक बोगद्याशीं मार्ग सोडून वळसा घ्यावा लागला होता. २०११ सालीं बोगद्यांत दिवे लावून ते उघडण्यांत आले, त्यामुळें आतां आमच्यासारख्या साठी उलटलेल्या माणसांसहि ही यात्रा सुखानें घडते.

पहिले दोन मैल सपाट व निवांत आहेत. हॅसपचें स्टेशन लागतें. तेथें आतां पुस्तकांचें दुकान व चहाची सोय आहे. त्यानंतर हेडस्टोनचा बोगदा येतो. आंत शिरतांच अंगावर गार वारा येतो. भिंतींवरील काजळी अजून गेलेली नाहीं. शंभर वर्षांच्या इंजिनांचा तो श्वास दगडाला जणूं चिकटून राहिला आहे. पांचशें यार्डांहून अधिक चालल्यावर एकाएकीं उजेड येतो आणि पाऊल पडतें तें थेट पुलावर! पांच कमानींचा दगडी पूल, खालीं वाय नदीचें वळण, दोहों बाजूंस हिरवेगार चढ, वर डोंगराच्या कडेवर एक जुनी खानावळ. हें दृश्य इंग्लंडांतील कितीतरी दिनदर्शिकांवर व मिठाईच्या डब्यांवर छापलेलें असतें.

परंतु हा पूल बांधला गेला तेव्हां याच दृश्यानें एका थोर लेखकाचा संताप झाला होता. जॉन रस्किन यांनीं १८७१ सालीं इंग्लंडच्या कामगारांस उद्देशून लिहिलेल्या पत्रांपैकीं एकांत या रेल्वेवर कठोर टीका केली आहे. दोन क्षुद्र गांवांमधील प्रवास अर्ध्या तासावर यावा एवढ्यासाठीं देवांनीं वास करावा अशी दरी सुरुंगांनीं फोडली आणि ओढ्यांत दगडमातीचे ढीग लोटले, असा त्यांचा आशय. त्या गाडीनें जाणाऱ्या प्रवाशांना त्यांनीं जें विशेषण दिलें आहे तें मी येथें देत नाहीं. गंमत अशी कीं, शंभर वर्षांनीं गाड्या थांबल्यावर पूल पाडून टाकण्याचा विचार निघाला तेव्हां लोकांनीं त्याविरुद्ध ओरड केली, आणि १९७० सालीं त्यास संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला! रस्किनला जो दरीच्या मुखावरील डाग वाटला तोच आज तिचें कुंकू होऊन बसला आहे. मला स्वतःला पूल सुंदर वाटला. पण त्या सौंदर्यांत दगडापेक्षां काळाचा वांटा मोठा आहे.

पुलाच्या कठड्याशीं उभा असतां मला आपला बोरघाट आठवला, आणि तो उगीच नव्हे. पुणें-मुंबई आगगाडी बोरघाटांतून सुरू झाली तीहि १८६३ सालींच. तेथील एक कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ सालीं, वारले. तेव्हां त्यांच्या विधवा पत्नी ॲलिस यांनीं कच न खातां तें प्रचंड कंत्राट आपल्या शिरावर घेतलें आणि जाणत्या इंजिनियरांकरवीं तडीस नेलें. खंडाळ्याजवळ चढ एवढा बिकट कीं, गाडी एका ठिकाणीं थांबवून इंजिन दुसऱ्या टोंकास लावून उलट दिशेनें न्यावी लागे. १९२९ सालीं विजेच्या गाड्या आल्यावर मार्ग बदलला व तें उलटापालटीचें स्टेशन ओसाड पडलें. पण आपल्याकडे मार्ग बदलला तो गाडी अधिक वेगानें धांवावी म्हणून. येथें मार्ग मोडला तो गाडी नकोशी झाली म्हणून. ओसाडी दोन्हीकडे सारखीच दिसते, तिचा अर्थ मात्र निराळा.

पुलापुढें क्रेसब्रुक आणि लिटन येथील जुन्या कापडगिरण्या नदीकांठीं दिसतात. लिटनच्या गिरणीचें नांव काळें आहे. सेंट पँक्रसच्या अनाथगृहांतून गिरणीकामास धाडलेला रॉबर्ट ब्लिंको नांवाचा मुलगा पुढें या गिरणींत आला. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं सोसलेली मारहाण व उपासमार त्याच्या चरित्रांत वर्णिली असून तें १८३२ सालीं पुस्तकरूपानें निघालें. ज्या सेंट पँक्रस भागांतून तीं पोरकीं मुलें येथें धाडलीं गेलीं, तेथूनच पुढें गाद्यागिरद्यांच्या डब्यांतून श्रीमंत प्रवासी याच दरींतून जात. गिरणींत आतां लोकांचीं राहतीं घरें आहेत. खिडक्यांत फुलांच्या कुंड्या आहेत.

दुपारीं मिलर्स डेलच्या स्टेशनावर टेकलों. एवढ्याशा खेड्यास पांच फलाटांचें स्टेशन! बक्स्टनला जाणारे प्रवासी येथें गाडी बदलीत, म्हणून हा विस्तार. नदीवर एकाशेजारीं एक असे दोन पूल आहेत, एक १८६३ चा व दुसरा १९०५ चा. एकावर रहदारी मावेना म्हणून दुसरा बांधला. जवळच चुन्याच्या भट्ट्यांच्या अजस्र भिंती आहेत. फलाटांच्या मधल्या खोलगटींत, जेथून मेलगाडी जात असे, तेथें मुलें चेंडू खेळत होतीं.

तिकिटघरांत आतां चहा मिळतो. आमच्या बांकावर वरच्या गांवांतील एक वृद्ध बाई येऊन बसल्या. बोलतां बोलतां कळलें कीं, त्या मुलगी असतांना याच फलाटावरून रोज बेकवेलच्या शाळेंत जात. स्टेशन बंद झाल्यावर वडिलांनीं कशीबशी एक जुनी मोटार घेतली. पण आईला ती कधींच चालवितां आली नाहीं, आणि आईची सख्खी बहीण मँचेस्टरला. तोंपर्यंत दर पंधरवड्यास जाणेंयेणें असे. पुढें दोघी बहिणी वर्षांतून एकदां, नाताळांत भेटूं लागल्या. मावशी गेली तेव्हांहि आई वेळेवर पोंचली नाहीं. हें सर्व त्या बाई रडत नव्हत्या, तक्रारहि करीत नव्हत्या. हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तशा सांगत होत्या. मीं त्या टेलिव्हिजनच्या कार्यक्रमाविषयीं विचारलें. त्यांनीं तो पाहिला होता व त्यांस आवडलाहि होता. "पण तो चालणाऱ्यांसाठीं होता," त्या म्हणाल्या, "आम्हांला कोठें तरी पोंचावयाचें असे."

मार्ग पुन्हां सुरू करावा अशी खटपट कांहीं मंडळी बरींच वर्षें करीत आहेत. डर्बीहून येणारी गाडी आज मॅटलॉकपाशीं थांबते, मँचेस्टरहून येणारी बक्स्टनपाशीं. मधला तुकडा जोडला कीं जुना हमरस्ता जिवंत होईल. उलट, हजारों लोक ज्या वाटेवर चालतात, सायकली फिरवितात, अपंगांच्या खुर्च्या ढकलीत नेतात, ती हिरावून घेऊं नये, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. मीं त्या बाईंचें मत विचारलें. "गुडघ्यांना विचाराल तर गाडी यावी," त्या हंसून म्हणाल्या, "पण माझा नातू याच वाटेवर सायकल शिकला आहे हो!"

पुढें सारी वाट आम्हां चौघांत हाच वाद चालला. बोगदे दुहेरी रुळांचे आहेत. एक रूळमार्ग घालून उरलेल्या बाजूस पायवाट ठेवावी, असें मीं सुचविलें. जावईबापूंनीं तें क्षणांत खोडून काढलें. बंद बोगद्यांत धडधडणाऱ्या गाडीशेजारून लेंकरांस घेऊन कोण जाईल? मुलगी त्यांच्या बाजूची. सौभाग्यवती मात्र आपल्या पहिल्या प्रश्नावर ठाम होत्या. मला विचाराल तर मीहि त्यांच्याच पक्षाचा. हिंडावयास डोंगर पुष्कळ आहेत; आणि येथें हिंडावयास येणारे बहुतेक लोक मोटारींनीं येतात, त्या मोटारी उभ्या करण्यास गांवांतून जागा पुरत नाहीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. ज्या दरींतून एके काळीं गाडी जात होती तेथें चालण्यासाठीं रस्त्यावर मोटारींची रांग लावावी, ही व्यवस्था मला तरी शहाणपणाची वाटत नाहीं.

मिलर्स डेलनंतरचा भाग सर्वांत रम्य आहे. ची डेलची घळई अरुंद होत जाते, नदी या कड्यापासून त्या कड्याकडे वळणें घेते, आणि मार्ग मात्र तिची पर्वा न करतां लहान लहान बोगदे व पूल यांवरून सरळ पुढें निघतो. खोदलेल्या चुनखडीच्या भिंतींवर रानफुलांचे ताटवे होते. कड्यांतील फटींतून कावळ्यांचे थवे कलकलत होते. सौभाग्यवतीनीं तेथें थोडा वेळ बसून पाय मोकळे केले.

ब्लॅकवेल मिलपाशीं पायवाट संपते, आणि तेथें अकस्मात् खरे रूळ दिसतात. चकचकीत, वापरांतले. जवळच्या खाणींतील दगड वाहून नेणाऱ्या मालगाड्या या तुकड्यावरून आजहि जातात. आम्ही पोंचलों त्या वेळीं गाडी नव्हती. जावई बसच्या वेळापत्रकाची चौकशी करूं लागले. शेवटची बस चुकली तर काय, या काळजीनें मुलगी उतावीळ झाली होती. इतक्यांत दूर शिटी झाली, आणि उघड्या वाघिण्यांची एक लांबलचक गाडी सावकाश आमच्या समोरून गेली. सौभाग्यवतीनीं वाघिण्या मोजल्या. त्या संपल्यावर आम्ही बसच्या थांब्याकडे निघालों.