मागणें आणि मागण्या

रडल्यावांचून आईसुद्धां दूध पाजीत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ती खोटी नाहीं. परंतु तान्ह्या मुलाच्या रडण्यांत एक मोठी सोय असते. तें कशासाठीं रडतें हें त्यास सांगावें लागत नाहीं. आईच तें ओळखून घेते. महाविद्यालयाचे प्राचार्य, वसतिगृहाच्या अधीक्षिका आणि नियामक मंडळाचे सभासद हे कितीही सहृदय असले तरी ते आपली आई नव्हेत. त्यांच्यापुढें नुसतें रडणें नेलें, तर ते आपल्या समजुतीप्रमाणें त्यावर उपाय करितात, आणि तो उपाय कित्येकदां मूळ दुखण्याहून भारी पडतो. आमच्या महाविद्यालयांत या गोष्टीचा जो अनुभव आला तो या शाळेंतून पुढें वसतिगृहांत राहावयास जाणाऱ्या माझ्या धाकट्या भगिनींच्या उपयोगी पडेल, असें वाटून येथें लिहीत आहें.

आमच्या ग्रंथालयापासून मुलींच्या वसतिगृहापर्यंतचा रस्ता सुमारें साडेतीनशें पावलांचा. त्यावर दिव्यांचे खांब सात. दिवा लागे तो तिहींवर. सायकली ठेवावयाच्या जागेमागें जें वळण आहे, तेथें तर आपलाच हात आपणांस दिसत नसे. एके दिवशीं सायंकाळीं साडेसाताच्या सुमारास त्या वळणावर मोटारसायकलवरून आलेल्या दोघां इसमांनीं आमच्या एका वर्गभगिनीचा हात धरून तिला ओढलें. हातांतील पुस्तकें टाकून ती धांवत सुटली, म्हणून निभावलें. तिसऱ्या दिवशीं तिचे वडील गांवाहून आले. ते फार बोलले नाहींत. "बाळ, आठ दिवस वाट पाहतों. इथें कांहीं बदललें तर राहा, नाहीं तर सामान बांधून ठेव," एवढें सांगून ते परत गेले. त्यांच्या गांवांतून महाविद्यालयांत आलेली ती पहिली मुलगी होती, आणि तिच्या पाठीमागें दोन बहिणी अजून शाळेंत होत्या.

त्याच रात्रीं भोजनगृहांत सभा भरली. आदल्या वर्षींच्या विद्यार्थिनींनीं केलेला अर्ज कोणीतरी शोधून आणला. "विद्यार्थिनींस सुरक्षित वातावरण मिळावें" असें त्यांत सुंदर अक्षरांत लिहिलें होतें. त्यास सहानुभूतीचें उत्तर आलें होतें, आणि महिन्याभरांत उपायही झाला होता! वसतिगृहाचें फाटक नवाच्या ऐवजीं आठास बंद होऊं लागलें, आणि त्याच फाटकावर दोन कॅमेरे बसले. ग्रंथालय मात्र पूर्वीप्रमाणें नवापर्यंत उघडें. मुलांच्या वसतिगृहास असा कांहीं नियम नाहीं. म्हणजे अंधार होता तेथेंच राहिला, आणि मुलींचा अभ्यासाचा एक तास तेवढा गेला.

यांत अधिकाऱ्यांचा दुष्टावा होता असें मला वाटत नाहीं. 'सुरक्षितता' हा शब्दच असा आहे कीं, पहारेकऱ्यास त्याचा अर्थ कुलूप वाटतो, पालकांस घर वाटतें, आणि आम्हांस उजेड.

हा अनुभव आमच्याच वाट्यास आला असेंही नाहीं. २०१७ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २१ तारखेस सायंकाळीं बनारस हिंदु विश्वविद्यालयाच्या आवारांत वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीशीं मोटारसायकलवरील इसमांनीं दुर्वर्तन केलें. पहारेकऱ्यांनीं मदत केली नाहीं, उलट एवढ्या उशिरां बाहेर कां होतीस असें तिलाच विचारण्यांत आलें, अशी तिच्या मैत्रिणींची तक्रार होती. दुसऱ्या दिवसापासून मुली मुख्य द्वाराशीं ठाण मांडून बसल्या. २३ तारखेच्या रात्रीं पोलिसांनीं लाठी चालविली. त्या मुलींच्या तोंडीं ज्या मागण्या होत्या त्या मला फार शहाणपणाच्या वाटतात: रस्त्यांवर दिवे लावा, पहाऱ्यावर स्त्रियाही नेमा. पुढें तेथील मुख्य प्रॉक्टरांनीं राजीनामा दिला, आणि त्या जागीं प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली.

आमच्या सभेंत विधिशाखेची एक वडील विद्यार्थिनी होती. आम्ही सर्व तिला ताई म्हणत असूं. तिनें एकच नियम घालून दिला. प्रत्येक मागणीस चार प्रश्न विचारावयाचे: ही कोणापाशीं मागतों? तें देणें त्याच्या हातीं आहे काय? कोणत्या तारखेपर्यंत? आणि दिलें कीं नाहीं हें आपल्या डोळ्यांस कसें दिसेल? "गुन्हेगारांस कडक शासन व्हावें" हें वाक्य पहिल्याच फेरींत गळलें. शासन करणें प्राचार्यांच्या हातीं नाहीं. त्यासाठीं पोलिसांत फिर्याद द्यावयाची, आणि ती निराळी दिली. ज्या मुलीनें तें वाक्य सुचविलें होतें ती रागावली. तिचा राग रास्तच होता, पण अर्जांत त्यास जागा नव्हती.

"रस्त्यावर दिवे असावेत" हें वाक्यही तसेंच राहूं दिलें नाहीं. दोघी-तिघी विजेरी आणि वही घेऊन तो रस्ता चालून आल्या, खांब मोजले, आणि मीं स्वच्छ प्रतींत लिहिलें कीं, ग्रंथालयाकडून मोजतां दुसरा, तिसरा, पांचवा व सहावा या खांबांवरील दिवे सात दिवसांचे आंत लागावेत. अशा वाक्यास 'विचार करूं' असें उत्तर देणें कठिण जातें. कॅमेऱ्यांवर मात्र पुष्कळ वाद झाला. माझें मत असें कीं, कॅमेरा झालेली गोष्ट मागाहून सांगतो, धांवून येत नाहीं. धांवून येण्यास माणूसच लागतें. म्हणून वळणाशीं सहा ते दहा या वेळांत एक स्त्री-पहारेकरी मागितली.

मग ताईनें दोन कागद पुढें ठेविले. एक २०१३ सालचा कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या लैंगिक छळासंबंधींचा कायदा, दुसरे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ सालचे विनियम. कायद्याप्रमाणें चौकशीसाठीं अंतर्गत समिति असावीच लागते. तिच्याकडे सामान्यतः तीन महिन्यांचे आंत तक्रार करावयाची, आणि तिनें नव्वद दिवसांत चौकशी पुरी करावयाची. प्रकरण विद्यार्थ्यांचें असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी समितींत घ्यावे, असें विनियम सांगतात. आमच्या येथें समिति होती, पण तिचे सभासद कोण हें कोणासच ठाऊक नव्हतें! नांवें फलकावर लावा, ही मागणी अशी निघाली. याहून आश्चर्य पुढेंच होतें. विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचें कारण दाखवून त्यांच्या वसतिगृहास मुलांहून निराळे जाचक नियम लावूं नयेत, असें त्याच विनियमांत स्पष्ट म्हटलें आहे. हें ऐकून भोजनगृहांत टाळ्या पडल्या. आम्ही ज्याची भीक मागणार होतों, तें आधींच लिहून ठेवलेलें होतें.

शेवटची मागणी दूर देशांतून आली. अमेरिकेंतील लीहाय विद्यापीठांत १९८६ सालीं जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्याच वसतिगृहांतील खोलींत खून झाला. खुनी बाहेरचा कोणी नव्हता, त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. तेव्हां भिंती उंच करून काय साधलें असतें? तिच्या आईबापांनीं असें मागितलें कीं, आपल्या आवारांत काय गुन्हे घडतात हें महाविद्यालयांनीं लपवूं नये. १९९० सालीं तसा कायदा झाला, आणि आज तो त्या मुलीच्या नांवानें ओळखला जातो. आम्हीही लिहिलें कीं, किती तक्रारी आल्या व कितींचा निकाल लागला हा आंकडा, कोणाचेंही नांव न देतां, दर सत्राच्या शेवटीं फलकावर लावावा.

सहाव्या दिवशीं आम्ही प्राचार्यांकडे गेलों. त्यांनीं यादी दोनदां वाचली, आणि दिव्यांच्या कलमापुढें तेथेंच सही केली. समितीचीं नांवें दुसऱ्या दिवशीं लागलीं. पहारेकरीण पुढच्या सोमवारपासून देतों म्हणाले. आंकड्यांविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. फाटकाच्या वेळेविषयीं म्हणाले, "हें माझ्या एकट्याच्या हातीं नाहीं, मंडळापुढें ठेवावें लागेल." ताईनें विचारलें, "सभा केव्हां आहे, सर?" त्यांनीं सांगितलेली तारीख तिनें त्यांच्याच समोर कलमाच्या कडेस लिहिली.

आठव्या दिवशीं वडील आले. दिवस मावळल्यावर ते मुलीस घेऊन ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत चालत गेले, वळणाशीं जरा थांबले, आणि खांब मोजून म्हणाले, "चारांपैकीं तीनच लागले. चौथा केव्हां?" तिनें त्यांस कागदावरील तारीख दाखविली. ते रात्रीच्या एस. टी.नें एकटेच परत गेले.

मंडळाची सभा ठरल्या दिवशीं झाली, आणि फाटकाची वेळ साडेआठ ठरली. नवाचें कलम आम्हीं यादींत तसेंच ठेविलें असून पुढील सभेची तारीख त्याच्या कडेस लिहिली आहे.