रात्रीच्या पालीचं ऊन

‘ही तर रात्रीची पाल, हिला अतिनील दिवा कशाला?’ लेपर्ड गेको पाळणारा प्रत्येक नवा माणूस हे विचारतोच. प्रश्न रास्त आहे. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारताच्या खडकाळ, कोरड्या मुलखातली ही पाल दिवस कपारीत काढते आणि तिन्हीसांजेला बाहेर पडते. पाळलेल्या गेकोंच्या कित्येक पिढ्या दिव्याशिवाय वाढल्या. कॅल्शियम आणि ड३ जीवनसत्त्वाची पावडर लावलेले किडे खाऊन त्यांनी अंडीही घातली. तेव्हा दिव्याशिवाय ती जगते, याबद्दल वाद नाही. पण नुसतं जगण्यावर समाधान मानणं मला पटत नाही.

खुलताबादमध्ये राहणाऱ्याला कपार म्हणजे मिट्ट काळोख असं वाटत नाही. वेरूळच्या वरच्या अंगाचा आमचा हा बेसॉल्ट भेगाळलेला आहे. भर दुपारी भेगेत डोकावलं तर शेजारच्या दगडावरून उसळून आलेला उजेड आत पसरलेला दिसतो. शेजारच्या म्हैसमाळच्या उघड्या माळावर एप्रिलच्या मध्यान्ही अतिनील निर्देशांक ११च्या पुढे जातो. भेगेच्या तोंडाशी त्याचा अगदी थोडा अंश पोचतो. लेपर्ड गेकोची एक जवळची नातेवाईक जात महाराष्ट्र-गुजरातच्या अशाच खडकाळ भागांत राहते. या पाली उन्हाच्या शत्रू नव्हेत, त्यांना ते चिमूटभर लागतं.

त्या चिमटीचं काम मोठं आहे. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण कातडीवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून ड३ची पूर्वावस्था तयार होते, आणि अंगाच्या उबेने तिचं ड३ होतं. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. आता हे ड३ पावडरीतूनही मिळतं, पण पावडरीची मात्रा आपल्या अंदाजाने ठरते. कमी पडली तर हाडं जातात, जास्त झाली तर ती शरीरात साचते. कातडीत मात्र गरजेपेक्षा जास्त तयार झालेलं ड३ त्याच प्रकाशाने मोडून जातं. हा लगाम कुठल्याही डबीत मिळत नाही, आणि माझ्या लेखी दिव्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लेपर्ड गेकोंना रोज थोडाच वेळ असा प्रकाश दिला, तरी त्यांच्या रक्तातली ड३ची पातळी वाढली. रात्रीच्या प्राण्याची कातडी हे काम विसरलेली नाही.

मात्र दिवा लावणं हे मोजून करायचं काम आहे. संशोधक गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली रानातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर पडणारं अतिनील मोजून त्यांचे चार गट पाडले. सावलीत आणि संधिप्रकाशात वावरणाऱ्यांचा पहिला गट सरासरी ०.७ निर्देशांकापर्यंतचा, लेपर्ड गेको त्यातच बसते. म्हणून वाळवंटी सरड्यांसाठीची प्रखर दिव्याची नळी इथे चालत नाही. मी कमी ताकदीची लांब नळी टाकीच्या एका टोकाला, उबदार दगडाच्या वर लावतो. दुसरं टोक अंधारं, आणि मध्ये दगडांच्या चिपांची रचना, म्हणजे पालीला हवं तेवढंच अंग बाहेर काढता येतं. कधी नुसती शेपूट बाहेर असते, कधी पाठ. किती घ्यायचं ते तिला ठरवू द्यावं. अल्बिनो पालींचे डोळे नाजूक असतात. त्यांना आणखी मंद प्रकाश आणि जास्त आडोसा लागतो.

खिडकीतल्या उन्हाने हे साधत नाही. काच हे किरण अडवते, उष्णता मात्र आत कोंडते, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात काचेच्या टाकीतली पाल त्यात काही मिनिटांत दगावू शकते. टाकीवरची बारीक जाळीही बरेच किरण खाते, त्यामुळे नळी जाळीच्या वर आहे की खाली, हे पाहूनच अंतर ठरवावं.

दिवा परवडत नसेल तर ड३ असलेली पावडर नियमाने द्या, पाल धडधाकट राहील. परवडत असेल तर दिवा जरूर लावा, पण आधी आडोसा रचा. आणि नळीवर बसवल्याची तारीख लिहून ठेवा: डोळ्यांना तिचा उजेड तसाच दिसत राहतो, अतिनील मात्र तो जाण्याच्या कितीतरी आधी खूप घटलेलं असतं.