स्लगची कुळकथा

यंदा शाळेच्या वार्षिक अंकांतील लेख संकेतस्थळावरही ठेवण्याचें काम आमच्याकडे आलें. मदतीस नववीचे चार विद्यार्थी होते. प्रत्येक लेखाचा पत्ता ठरवितांना संगणक 'स्लग' मागूं लागला, तेव्हां एका मुलानें विचारलें, "सर, स्लग म्हणजे बिनशंखाची गोगलगाय ना? ती येथें कशी आली?" उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें, परंतु तसें कबूल करण्याची लाज वाटली. "भलते प्रश्न विचारून काम अडवूं नये," असें आम्हीं म्हटलें. इतर मुलें हंसलीं. त्या मुलानें दिवसभर पुन्हां तोंड उघडलें नाहीं.

रात्रीं मन स्वस्थ बसूं देईना, म्हणून शोध केला. पूर्वी छापखान्यांत शिशाच्या मिश्रधातूच्या पट्टीस स्लग म्हणत. ऑटमार मर्गेनथेलर यांचें लायनोटाइप यंत्र १८८६ सालीं 'न्यूयॉर्क ट्रिब्यून' पत्राच्या छापखान्यांत चालूं झालें. तें अक्षरांची सबंध ओळ एकाच स्लगमध्यें ओतून काढी. पुढें वृत्तपत्रांत प्रत्येक बातमीस ओळखीपुरतें जें आटोपशीर नांव देत, त्यासही स्लग म्हणूं लागले. तेंच नांव आज संकेतस्थळाच्या पत्त्यांत शेवटीं जाऊन बसलें आहे.

एक धागा सांपडतांच दुसरे हातीं आले. 'फाँट' हा शब्द धातु वितळवून ओतणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून निघाला. 'अपर केस' म्हणजे वरची पेटी. जुळाऱ्यापुढें खणांच्या दोन पेट्या असत, व मोठीं इंग्रजी अक्षरें वरच्या पेटींत ठेवीत. ओळींमधील अंतरास 'लेडिंग' म्हणतात, कारण तेथें शिशाच्या पातळ पट्ट्या घालीत.

हें सारें आपल्याला परकें नाहीं. मराठींत छापण्याच्या अक्षरांस 'खिळे' म्हणत. जावजी दादाजी यांनीं लहानपणीं मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम केलें व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या रेखीव देवनागरी खिळ्यांची कीर्ति दूरवर पसरली. आतां शिसें गेलें, पेट्या गेल्या. त्या काळ्या बोटांच्या कारागिरांचे शब्द मात्र राहिले.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं ही हकीकत सांगितली, आणि प्रश्न भलता नव्हता, आमचें उत्तर भलतें होतें, असें म्हणून त्या मुलाची माफी मागितली. तो क्षणभर थांबून म्हणाला, "सर, मग 'कुकी' कोठून आली?"

तेंही आम्हांस ठाऊक नव्हतें. या वेळीं तसें सांगितलें, आणि दोघेही शोधावयास बसलों.