डाव्या पायाचे काय करायचे?

मोटार घेताना पूर्वी माणसाला फारसा विचार करावा लागत नसे. विचार करण्याचे काम सरकारने आधीच उरकून ठेवलेले असे. फियाट किंवा अँबॅसडर, नंबर लावल्यावर जी आधी मिळेल ती आपली. नंबर लागेपर्यंत घरातली मुलगी लग्नाची होई आणि गाडी थेट वरातीलाच उपयोगी पडे. गिअर कुठले हवेत, असे तर कोणी विचारीतच नसे. गिअर म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटलेली एक काठी. ती कधी वर, कधी खाली, कधी स्वतःकडे ओढायची. फियाटची पुढे पद्मिनी झाली तरी काठी जागेवरून हलली नाही. १९८३ साली मारुती ८०० आली आणि घराघरांतला गिअर स्टिअरिंगवरून उतरून गुडघ्याशेजारी येऊन बसला, ही त्या काळातली केवढी मोठी क्रांती! मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप घेतला तेव्हा लोक हळहळले, फोटोबिटो काढले. त्या काठीसाठी मात्र कोणी टिपूस गाळले नाही.

आता शोरूममध्ये गेले की टाय लावलेला एक मुलगा पाण्याचा ग्लास देतो आणि विचारतो, "सर, मॅन्युअल बघणार, एएमटी, सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर की डीसीटी?" माणूस तहानेने आलेला नसला तरी एवढ्यावर पाणी पितो. आम्ही मागितलेल्या गाडीत दोनच होते, मॅन्युअल आणि डीसीटी. फरक किती, तर लाख-सव्वा लाख. तेवढ्यात आमचे पहिले अख्खे वाहन आले असते, आणि वर हार-पेढे.

"डीसीटी म्हणजे काय रे?" मी विचारले.

"ड्युअल क्लच, सर. दोन क्लच असतात."

"आणि क्लचचं पेडल?"

"ते नसतं, सर."

दोन क्लच आहेत म्हणून पैसे जास्त, आणि दाबायला एकही नाही! खरे तर दोन क्लचची गाडी मला नवीन नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ती हीच. एक क्लच शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. आमची ही त्याच गाडीवर शिकली. गाडी कुठेही बंद पडली नाही, चढावर मागे आली नाही, लायसन्सही मिळाले. पुढे घरच्या एकाच क्लचच्या गाडीत बसून ती उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नलला थांबली, तेव्हा स्कूलमध्ये हाफ क्लच नेमका कोण धरीत होते याचा उलगडा झाला. मागे पीएमपीची बस. बसच्या नाकापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. हिने किल्ली काढली, माझ्या हातात दिली, आणि त्यानंतर अकरा वर्षे ती डाव्या बाजूलाच बसली.

डीसीटीचे आतले कोडे मला भाच्याने उलगडून दाखवले. तो चाकणला मोटारींच्या कारखान्यात असतो, त्यामुळे आमच्या घरात मिक्सर बिघडला तरी त्यालाच फोन जातो. तो म्हणाला, "मामा, होळीला आई आणि मामी पुरणपोळ्या करतात ना? एक लाटते, एक भाजते. एक पोळी तव्यावर असते तेव्हा दुसरी पोळपाटावर तयार असते. तवा रिकामा राहतच नाही. हेच ते."

म्हणजे असे, की एका क्लचच्या ताब्यात पहिला, तिसरा, पाचवा हे विषम गिअर, आणि दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा हे सम. पुण्याच्या माणसाला सम-विषम समजावून सांगावे लागत नाही. पी-वन, पी-टूच्या पाट्यांखाली त्याची हयात गेलेली असते. गाडी दुसऱ्यात पळत असताना तिसरा गिअर आधीच जुळवून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा पकडतो. मधे इंजिनाची ओढ तुटत नाही. आपण मॅन्युअलमध्ये पाय दाबतो, काठी हलवतो, पाय सोडतो, तेवढ्यात मागे बसलेल्यांच्या माना एकदा पुढे जाऊन येतात. इथे माना जागच्या जागी.

"आणि पाहुण्याने पोळीऐवजी ताकभात मागितला तर?" मी शंका काढली.

भाचा खूश झाला. "तीच तर गोम आहे, मामा. कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही वेग वाढवणार, म्हणून तो वरचा गिअर लाटून ठेवतो. आणि समोर रिक्षा आडवी आली की तुम्ही मारता ब्रेक. मग त्याची धांदल उडते, क्षणभर गाडी अडखळते."

शहरात रिक्षा आडवी येणार नाही असे गृहीत धरणारा कॉम्प्युटर कुठल्या देशात वाढला असेल, हे ओळखायला इंजिनीअर नको. मूळ कल्पना फ्रेंच माणसाची निघाली. अडॉल्फ केग्रेस त्याचे नाव. हे गृहस्थ आधी रशियाच्या झारच्या पदरी मोटारखाना सांभाळीत. बर्फात बादशहाची गाडी रुतू नये म्हणून त्यांनी मागच्या चाकांऐवजी पट्टे बसवले. १९१७ मध्ये मालकांचेच तख्त गेले, तेव्हा केग्रेस फ्रान्सला परतले, आणि त्याच पट्ट्यांच्या सित्रोएन गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहाराचे वाळवंट ओलांडले. बर्फासाठी शोधलेली वस्तू वाळूत खपवणारा माणूस! दोन क्लचची कल्पना त्यांनी १९३९ च्या सुमारास मांडली. पाठोपाठ महायुद्ध आले, १९४३ साली ते वारले, आणि कल्पना कपाटात राहिली. १९८० नंतर पोर्शने ती शर्यतीच्या गाड्यांत चालवून पाहिली. साध्या गिऱ्हाइकाला घेता येण्यासारखी गाडी फोक्सवॅगनने २००३ साली विकायला काढली. चौसष्ट वर्षे! आमच्या फियाटच्या नंबरला लोक उगीच नावे ठेवीत.

आता तक्रारीचेही बोलू. हे क्लच दोन जातींचे, कोरडे आणि ओले. ओले तेलात बुडलेले असतात, म्हणून त्यांची उष्णता तेल वाहून नेते. कोरड्यांना हवेवरच भागवावे लागते. मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या गर्दीत क्लच धड सुटलेला नसतो आणि धड पकडलेलाही नसतो, नुसता घासत राहतो आणि तापतो. २०१३ साली चीनमध्ये फोक्सवॅगनला या गिअरबॉक्सपायी पावणेचार लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. शिवाय हे सगळे हलवणारा जो मेंदू-यंत्राचा डबा असतो, तो मुदत संपल्यावर बिघडला तर त्याचे बिल बसून वाचावे. मॅन्युअलचा क्लच कोपऱ्यावरचा मिस्त्री दोन दिवसांत बदलून देतो आणि वर चहा पाजतो.

यावर उपाय म्हणून जाणकार सांगतात, की गर्दीत पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून सरकू नका, चांगले अंतर पडू द्या आणि मग नीट पुढे जा. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. कर्वे रोडला असे अंतर सोडून बघा. त्यात तीन स्कूटर, एक टेम्पो आणि चुकून रस्ता विचारणारे एक कुटुंब मावते.

तेव्हा माझे मत मॅन्युअलकडे झुकलेले होते, आणि ते लपवायचे कारण नाही. गाडी मी एकटा चालवणार असतो तर आजही तीच घेतली असती. गिअर टाकण्यात एक सुख असते. चढ लागला की इंजिनाचा आवाज घोगरा होतो, आपण ओळखतो, खालचा गिअर देतो, आणि ते हायसे वाटून पुन्हा ओढायला लागते. दमलेल्या माणसाला वेळेवर चहा दिल्यासारखे वाटते. हे काम कॉम्प्युटरला द्यायचे म्हणजे घरात आलेल्या पाहुण्याशी नोकराने गप्पा मारायच्या.

हे सारे मी चांगले रंगवून सांगत असताना हिने एकच विचारले. "अहो, गिअर कुठला तो तुम्ही ठरवा. रात्री वाईला कोण नेणार, ते आधी सांगा."

वाईला सासूबाई एकट्या असतात. वय ब्याऐंशी. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला शेजाऱ्यांचा फोन आला, न्हाणीघरात पडल्या म्हणून. वाई नव्वदएक किलोमीटर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला अंधारात गाडी चालवायला मना केलेले. समोरून येणाऱ्या दिव्यांना मोराचे पिसारे फुटतात. भाचा रात्रपाळीला. गाडी खाली उभी, टाकी भरलेली, हिच्या पर्समध्ये लायसन्स, आणि आम्ही दोघे फाटकापाशी छत्री धरून भाड्याच्या ड्रायव्हरची वाट बघत सव्वा तास उभे. ती त्या वेळात एक शब्द बोलली नाही. सासूबाईंच्या मनगटावर निभावले, पण तो सव्वा तास आमच्या घरातून काही गेला नाही.

आम्ही पुन्हा शोरूममध्ये गेलो. मी दोनच गोष्टी विचारल्या. क्लच ओला की कोरडा? ओला. घाटाच्या उतारावर गिअर हाताने धरून ठेवता येतो का? येतो, काठी बाजूला सारली की दुसऱ्यात टाका नाहीतर तिसऱ्यात. ज्या गिअरने घाट चढला त्याच गिअरने उतरावा, ब्रेक तापवू नयेत, हे जुने वचन कॉम्प्युटरला मान्य आहे म्हटल्यावर माझा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा टेस्ट ड्राइव्हला मावळला. त्या पोराने हिला मुद्दाम त्याच उड्डाणपुलाच्या चढावर थांबवले. "मॅडम, आता ब्रेकवरून पाय काढा." हिने डोळे मिटले (मी बघत होतो) आणि पाय काढला. गाडी क्षणभर जागीच राहिली, मग नुसता पाय टेकताच वर निघाली. हिने डोळे उघडले तेव्हा पूल संपत आला होता. माझी पाळी आली तेव्हा पोरगा एवढेच म्हणाला, "काका, डावा पाय मागे घेऊन ठेवा. सवयीने क्लच समजून ब्रेक दाबतात सगळे." 'सर'चा 'काका' केव्हा झाला कळले नाही.

जादा वॉरंटीचे पैसे मी घासाघीस न करता भरले. ते बिल बसून वाचायची माझी तयारी नव्हती.

महिन्याभरात वाईला निघालो. संध्याकाळची वेळ, ही उजवीकडे, मी डावीकडे. खंबाटकीत पुढे उसाचा ट्रक. थांब, सरक, थांब, सरक, आणि सगळा चढ. मी दर वेळी इथून क्लच दाबत होतो.

"अहो, पाय वर घ्या," ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "मॅट फाटेल."

वाईला पोचेपर्यंत अंधार झाला होता. सासूबाई काठी टेकत ओट्यावर आल्या. उजव्या दारातून लेक उतरलेली बघून त्यांनी चष्मा सारखा केला.

"चालवत तू आलीस? मग जावईबापू काय करत होते?"

"गिअर टाकत होते," ही म्हणाली.