मुक्तागिरीची सावली

परतवाडा मागे पडते आणि रस्ता संत्र्यांच्या बागांमधून डोंगराकडे निघतो. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, कपाशी आणि तुरीची शेते इथवर सोबत करतात. समोर गाविलगडच्या रांगेची निळसर भिंत उभी असते. खरपी गाव ओलांडले की त्या भिंतीच्या घड्या दिसू लागतात. त्यांतील एका घडीत मुक्तागिरी वसले आहे. जिल्हा मध्य प्रदेशातील बैतुल. परंतु येणे-जाणे, बाजारहाट सारे वऱ्हाडाशी. प्राकृत ‘निर्वाणकांडा’त अचलपूरच्या ईशान्येस सांगितलेला मेंढगिरी तो हाच. येथून साडेतीन कोटी मुनी मोक्षास गेले, अशी आपली श्रद्धा आहे.

क्षमावाणीनंतरच्या आठवड्यात वडिलांना घेऊन मी येथे आलो. त्यांनी चाळीस वर्षे सागवानाची वखार चालविली. लिलावात लाकूड घ्यावे, घनफुटांत मोजावे, विकावे. याच व्यवसायावर आमचे घर उभे राहिले. आता वखार बंद आहे आणि वय ८१.

हा डोंगर सर्वत्र सारखा हिरवा नाही. मैदानाकडे तोंड असलेल्या उतारांवर गवत, झुडपे आणि मध्येच उघडा मुरूम. गुरांचे पाय आणि सरपणाची कुऱ्हाड तेथवर सहज पोहोचते. आत दरीत शिरावे तसे रान दाटत जाते. साग, धावडा, मोह, बेहडा, पळस. पावसाळा सरताना सागाच्या पानांतील हिरवा भाग किडी खातात आणि शिरांची तपकिरी जाळी तेवढी उरते. ऊन त्या जाळीतून गाळून पायऱ्यांवर पडते. दरीच्या माथ्यावरून धबधबा कोसळत असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना ५२ जिनालयांची पांढरी शिखरे उभी आहेत. दहाव्या क्रमांकाचे मंदिर तर कातळातच कोरलेले आहे. तेथे उभे राहिले की मंत्रोच्चार आणि पाण्याचा नाद वेगळे ऐकू येत नाहीत.

वडील अर्ध्या वाटेवर एका कठड्यावर टेकले. बराच वेळ ते समोरचा उतार पाहत होते. मग म्हणाले, “एवढ्या जाडीचे झाड मी पूर्वी हातही लावून पाहिले नसते. बारीक म्हणून सोडून दिले असते. आता तेच मोठे वाटते.”

मी म्हटले, “बाबा, तुम्ही तर सरकारी लिलावातलेच लाकूड घेतलेत. चोरीचे कधी घेतले नाहीत.”

“नाही घेतले. पण श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म आहे, हे मला ठाऊक होते. दरवर्षी सर्वांची क्षमा मागितली; या डोंगराची मागायची राहिली.”

त्यांनी तेथेच बसून हात जोडले. मी काही बोललो नाही. त्या वखारीच्या पैशावर माझे शिक्षण झाले होते.

उतरताना पाण्याकडे लक्ष गेले. पाऊस थांबून काही दिवस झाले होते, तरी धार वाहत होती. पालापाचोळा आणि मुळांनी धरलेली माती पावसाचे पाणी मुरवून घेते आणि सावकाश सोडते. उघड्या उतारावर तेच पाणी माती घेऊन एका दिवसात निघून जाते. वरचे रान विरळ झाले तर धबधबाही लवकर आटेल, हे समजण्यास शास्त्र शिकावे लागत नाही. आपण व्यापारी माणसे. भांडवल खाल्ले की व्याज थांबते, हा हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको.

यात्रेला जाल तेव्हा दर्शनानंतर थोडा वेळ त्या कठड्यावर अवश्य बसा. वडील पुन्हा तेथे जाऊ शकले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी वखारीच्या रिकाम्या जागेत बेहड्याच्या पाच बिया पेरावयास लावल्या. तीन रुजल्या आहेत.