साहेब लोक बासी खातात का?

शासकीय नोकरीत माणूस पुष्कळ हिंडतो, पण हिंडलेल्या गावांची चव त्याला क्वचितच कळते. माझे निम्मे आयुष्य दौऱ्यांत गेले. विश्रामगृहे बदलली, खानसामे बदलले, ताट मात्र बदलले नाही. पनीरची भाजी, पिवळी डाळ, जिरा राईस आणि शेवटी एक गुलाबजाम. साहेबांना काय चालते, असे खानसाम्याने लिपिकाला विचारायचे आणि लिपिकाने आधी येऊन गेलेल्या साहेबांचा दाखला द्यायचा, अशी ही परंपरा आहे. ते गाव स्वतः काय पिकवते आणि काय खाते, याचा त्या ताटाशी काही संबंध नसे. मीही कधी चौकशी केली नाही.

ही चौकशी करण्याची बुद्धी मला निवृत्तीनंतर, मागच्या उन्हाळ्यात भिलाईला झाली.

भिलाईच्या स्मृतिनगरात माझी मावशी राहते. मावसाजी पोलाद कारखान्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी सेक्टरमधले क्वार्टर सोडले आणि इथे घर बांधले. अशी मराठी घरे दुर्ग, भिलाई, रायपूर या पट्ट्यात पुष्कळ आहेत, आणि त्यात नवल नाही. हा सगळा मुलूख अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. पुढे १९५६ पर्यंत त्याची राजधानीही नागपूरच होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाई कारखान्याचा करार झाला, तेव्हा या जागेचा राज्यकारभार नागपुरातूनच चालत असे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे इथे येऊन वसली.

पहिल्याच संध्याकाळी मी मावशीच्या नातवाला विचारले, "इथलं खास असं काय मिळतं रे?" त्याने उत्साहाने यादी सांगितली: डोसा, छोले-भटुरे, बंगाली मिठाई, मोमो आणि गुपचुप. गुपचुप म्हणजे आपली पाणीपुरी. नाव तेवढे इथले. दोन दिवस आम्ही सगळीकडे खाऊन आलो. पदार्थ उत्तम होते, पण प्रत्येक पदार्थ कोणी तरी आपल्या गावाहून सोबत आणलेला होता. तमिळ, पंजाबी, बंगाली, आंध्र, सगळे त्या बाजारात हजर होते. ज्या गावांच्या जमिनीवर हा कारखाना आणि ही वसाहत उभी राहिली, त्या गावांचे अन्न तेवढे कुठे दिसेना.

मावशीला विचारले, तर ती म्हणाली, "इथलं वेगळं असं काही नसतं रे. भातच खातात ही माणसं." आणि तिने माझ्यासाठी पुरण शिजायला घातले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी मागच्या अंगणात गेलो. मावशीकडे काम करणारी बाई पायरीवर पाठमोरी बसून जेवत होती. पितळी वाडग्यात पाण्यात भिजलेला भात, बाजूला कांदा, हिरवी मिरची आणि कसली तरी लालसर चटणी. माझी चाहूल लागताच तिने पदर पुढे ओढून वाडगे झाकले. मी विचारले, "क्या खा रही हैं?" ती म्हणाली, "कुछू नइ साहब, बासी आय." मलाही चालेल का, असे मी विचारले तेव्हा ती हसली आणि मावशीकडे वळून म्हणाली, "साहब मन बासी खाथें का?"

साहेब लोक बासी खातात का? प्रश्न मावशीला होता, पण मला तो वीस वर्षे मागे घेऊन गेला.

मी एका आदिवासी जिल्ह्यात असताना एका आश्रमशाळेची तपासणी केली होती. मुले ताटातल्या पोळ्या तशाच टाकून उठत होती. धान्याचा साठा बरोबर, हिशेब बरोबर, स्वयंपाकघर स्वच्छ. मी शेरा लिहिला: "विद्यार्थ्यांना पौष्टिक आहाराची सवय लावण्यात यावी." स्वयंपाकीण दाराशी उभी होती. ती त्याच भागातली होती. ही मुले घरी काय खातात, एवढा एकच प्रश्न मी तिला विचारायला हवा होता. मी तो विचारला नाही. ती मुले भात आणि नागलीच्या भाकरीवर वाढलेली होती, हे मला पुढे बऱ्याच काळाने, दुसऱ्याच एका कामाच्या निमित्ताने कळले. तोवर माझी बदली झाली होती आणि शेरा कागदावर कायम होता.

दुसऱ्या दिवशी बाईने माझ्यासाठी वेगळ्या डब्यात बासी आणली. रात्रीचा शिजलेला भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी त्याच पाण्यासह मीठ घालून खायचा, ती बासी. त्याच दिवशीचा भात पाण्यात घालून थोड्या वेळाने खाल्ला तर ते बोरे. बासीला किंचित आंबूस चव असते. आपल्या आंबिलीची आठवण होते. सोबत पतालची चटणी होती. पताल म्हणजे टोमॅटो. तो मिरची-कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटलेला. बाहेर मे महिन्याचे ऊन तापत होते. भात, पाणी आणि मीठ एकाच वाडग्यात मिळते, सकाळी चूल पेटवावी लागत नाही आणि शेतावर किंवा कामावर डबा सहज नेता येतो. एवढ्या व्यवहारी शहाणपणाच्या अन्नाला लपवावे का लागावे?

मी वाडगे संपवले तेव्हा बाईने विचारले, "अउ देवँव का?" आणखी देऊ का? मग तिची भीड मोडली. कोणत्या सणाला काय करतात, ते तिने सांगितले, आणि सुपेल्याच्या बाजाराजवळ एक म्हातारी सकाळी मजुरांसाठी फरा आणि चीला करते, हेही. आठच्या आत जायचे, नंतर सगळे संपते. रिक्षावाले जिथे उभे असतात तिथे विचारायचे, दुकानाला पाटी नाही. गेलो. चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडे. फरा म्हणजे भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळून केलेल्या वळकट्या, वाफवून तिळाची फोडणी दिलेल्या. भिलाईतले माझे सर्वांत उत्तम जेवण त्या बाकड्यावर झाले.

आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर राहतात, त्यांना या पदार्थांत नातलग भेटतील. अइरसा म्हणजे आपल्या अनारशाचा भाऊ. इडहर अळूच्या पानांचे. पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर रोटी पाहून कोकणातल्या माणसाला पानगी आठवेल. बिजौरी पाहून सांडगे आठवतील. पोळ्याचा सण तिथेही आहे आणि त्या दिवसांत घरोघर ठेठरी-खुर्मी होते. आपल्या हरतालिकेच्या दिवशी त्यांची तीजा असते. त्यासाठी माहेरी आलेल्या लेकी आदल्या रात्री कारल्याच्या भाजीबरोबर 'करू भात' खातात.

शासनाला हे कळत नाही असे नाही. रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ साली 'गढकलेवा' सुरू झाले. बचत गटाच्या महिला तिथे हेच पदार्थ करून विकू लागल्या. १ मे २०२२ रोजी, कामगार दिनी, तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि अनेक अधिकाऱ्यांची बासी खातानाची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. मला तो उपक्रम वाईट वाटत नाही. पण वर्षातून एक दिवस साहेबांनी बासी खाल्ल्याने बाईचा पदर वाडग्यावरून बाजूला होत नाही, हेही मी पाहिले.

म्हणून नव्या गावी जाणाऱ्यास, मग तो प्रवासी असो की नव्याने रुजू झालेला अधिकारी, माझ्या अनुभवाचे चार शब्द.

एक, "इथे चांगले काय मिळते" असे विचारू नये. समोरचा आपल्याला काय आवडेल याचा अंदाज बांधून उत्तर देतो. "तुम्ही आज सकाळी काय खाल्ले" असे विचारावे.

दोन, हा प्रश्न यजमानाला न विचारता वाहनचालकाला, शिपायाला, घरकाम करणाऱ्या बाईला विचारावा.

तीन, त्यांच्या वेळेला जावे. कष्टकऱ्यांचे अन्न सकाळी लवकर तयार होते आणि लवकर संपते.

चार, दिलेले पूर्ण खावे, आणि त्या वेळी छायाचित्र काढू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी मावशीही पायरीवर येऊन बसली. बाईने तिच्यापुढे एक वाडगे ठेवले. दोन घास खाऊन मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "वीस वर्षं झाली, ही रोज माझ्या घरी येते. हिच्या डब्यात काय असतं ते मी कधी बघितलंच नाही रे."

मी तिला माझ्या आश्रमशाळेच्या शेऱ्याबद्दल सांगितले.